भुरीचे ओरखडे

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका घरात, गोठ्याच्या आढ्याला पालथी टांगलेली. मित्रांनो, माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. का, ते सांगते.

परसवाड्याच्या बाजारात महागू बुरुडाने मला विणलं. वीण इतकी घट्ट, की राईचा दाणा निसटू नये. मला त्याचा भारी तोरा होता. जिजाबाईने मला पारखून घेतलं आणि धानाचं बियाणं ठेवायचा मान दिला. भाजीच्या टोपल्या अंगणात लोळत. मी मात्र कोठीच्या खोलीत. दरवर्षी पेरणी उरकली की ती मला शेणमातीने सारवायची. पाण्याने बांबू कुजतो, म्हणून आमच्यात धुणं नाही, सारवणंच.

चौसष्ट साली जिजाबाईचा नवरा डोमाजी याने कीड लागू नये म्हणून एक पांढरी पावडर आणली आणि माझ्यातच बियाण्यात कालवली. पेरणी झाली, मी रिकामी झाले. त्याच आठवड्यात त्यांच्या आठ वर्षांच्या ललिताने मांजरीचं एक राखाडी पिल्लू घरी आणलं. नाव ठेवलं भुरी.

"आई, इले झोपाले काही दे ना."

"हे टोपली घे. सारवून देतो, नवीसारखी होते."

जिजाबाईने मनापासून सारवलं. पावडर माझ्या विणीत तशीच राहिली आणि वर शेणमातीचा थर बसला. मला ते कळत होतं, पण टोपलीला तोंड कुठे असतं?

भुरी माझ्यात मुटकुळं करून झोपायची. खरं सांगते, इतकी वर्षं बियाणं सांभाळलं, पण असं ऊबदार ओझं कधी वाहिलं नव्हतं. जाग आली की ती माझा तळ नखांनी ओरबाडायची आणि मग पंजे चाटत बसायची. चौथ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागलं. ललिता वाटी पुढे करून म्हणत राहिली, "पी ना माय, भुरे. थोडंसंच पी."

डोमाजीने तिला सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, माझ्यातच ठेवून. डॉक्टरांनी तिचं तोंड हुंगलं, मग मला नाकाशी धरलं.

"इसमें पहले क्या रखा था?"

डोमाजी म्हणाला, "बीज में कीड़ों की पावडर मिलाई थी, साहब."

डॉक्टरांनी तिला धुतलं, सुई दिली. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताच्या मांडीवर भुरीने जीव सोडला. जिजाबाई एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत होती, "म्या तं चांगली सारवून देलती." तिचा आवाज मला आजही सहन होत नाही. ज्या घट्ट विणीचा मला तोरा होता, तिनेच ते विष धरून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी पेरणीनंतर जिजाबाई सवयीने शेणमाती घेऊन माझ्यापाशी बसली. ललिताने मला तिच्या हातून काढून घेतलं.

"इले सारवू नोको, आई. भुरीचे ओरखडे बुजतीन."

तेव्हापासून मी इथे टांगलेली आहे. मित्रांनो, आम्हा भांड्या-टोपल्यांना बोलता येत नाही. आमच्यात आधी काय होतं, ते तुम्हीच लक्षात ठेवा. माझ्या तळाशी चार बारीक ओरखडे आहेत. मला खाली काढायचा विचार कुणाच्या मनात आला, तर आधी ते पाहा आणि मला तिथेच राहू द्या.