जन्मभराची जळजळ

त्याला सगळे ओळंबा म्हणत. उंच, सडपातळ, आणि उभा राहिला की भिंत तपासून घ्यावी इतका सरळ. धंदा मात्र फरशा बसवायचा, म्हणजे दिवसभर ओणवं. वाकला की आंबट पाणी घशाशी यायचं आणि छातीत आग आग व्हायची. खिशात पेन्सिल असो नसो, चघळायच्या गोळ्या असायच्याच. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, जरा पित्त."

बायको ते "जरा" वर्षानुवर्षं ऐकत आली होती. "एकदा दुर्बीण घालून बघून घ्या," असं ती म्हणाली की तो विषय बदलायचा. त्याचा थोरला भाऊ असाच गोळ्या चघळत राहिला आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेला. बघितलंच नाही तर निघायचंही नाही, असा ओळंब्याचा हिशेब.

एका दुपारी जेवताना घास छातीत अडकला. पाणी प्यायला, उठून उभा राहिला, तरी हलेना. कसाबसा उतरला, तेव्हा बायको दारात चपला घालत होती.

"चला," एवढंच म्हणाली.

दुर्बिणीत सूज दिसली, व्रण दिसले. तपासायला पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. ओळंब्याने कितीतरी वेळाने श्वास सोडला.

"म्हणजे बरा होईन?"

"व्रण भरतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती सैल झालीय, आणि गोळीने ती काही घट्ट होत नाही. औषध थांबवलं की पुष्कळांना त्रास परत होतो. तरी काळजी घेणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य नीट जातं. भावाचं झालं तेच तुमचं होईल असं नाही. मात्र घास पुन्हा अडकला किंवा वजन उतरलं, तर थांबायचं नाही."

महिन्याभरात छाती गार पडली. ओळंबा खूश. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या. आणि एका न्हाणीघरात काम करताना अशी कळ उठली की थापी टाकून तो भिंतीला टेकून बसला.

"हरलो मी," घरी येऊन म्हणाला.

"हरलात कसले? चष्मा काढला की दिसत नाही म्हणून डोळ्यांवर रुसता का?"

तो हसला. मग उठला आणि दवाखान्यात जाऊन सगळं खरं सांगितलं. गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी सिगारेटही सोडायला सांगितली; ती सुटायला मात्र फार जड गेली. दोनदा सोडली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा सुटली. झोपेत आंबट पाणी वर येऊ नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली त्याने विटा सारल्या. दिवे लागायच्या आत जेवायला लागला. कंबर वाकवायचं सोडून गुडघ्यांना जाड गाद्या बांधल्या आणि पाठ ताठ ठेवून काम करायला शिकला.

"काय रे, फरशीची माफी मागतोयस का?" मेव्हणा म्हणाला. तो त्याच्याच जोडीने काम करायचा.

"मागतोय. तूही माग, तुझ्या फरशांच्या वाकड्या सांध्यांना गरज आहे."

पुढच्या तपासणीत व्रण भरलेले दिसले. गोळी थोडी कमी झाली, सुटली नाही. अधूनमधून छाती जळतेच. त्या दिवशी तो चिडतो, मेव्हण्यावर डाफरतो आणि संध्याकाळी हलकं खाऊन घेतो.

परवा एका शाळेच्या भल्यामोठ्या सभागृहाचं काम आलं. मेव्हणा म्हणाला, "झेपेल का तुला?"

ओळंबा गुडघ्यांच्या गाद्या बांधत होता.

"सूत धर त्या टोकाला," तो म्हणाला.