हबातल्या अक्षता

अंजूरच्या केसरीनाथने तीन वर्षं खपून अंगणात स्वतःच्या हाताने गाडी बांधली, पण बायको सीताबाई काही तिच्यात बसेना. "त्या डब्यात मी न्हाय बसनार," म्हणायची. बसेल कशी? ज्यांत बेअरिंगं बसतात ते मागच्या चाकांचे हब खोलल्यापासून या बाबाने घरात नुसता उच्छाद मांडला होता. बेअरिंगमध्ये कचऱ्याचा कण गेला तरी चाक कामातून गेलं, असं मिस्त्री चिंधूने सांगितलेलं. झालं! पंखा बंद, झाडू बंद. सीताबाई भाकऱ्या थापायला बसली की हा अंगणातून बोंबलायचा, "पीठ उडवू नको गं!"

आज तिच्या भावाची, मनोजची, अंबाडीला वास्तुशांत होती. मेव्हण्याच्या दारात याच गाडीतून उतरायचं आणि तेही बायकोला शेजारी बसवून, असा केसरीनाथचा हट्ट होता. सकाळीच त्याने चिंधूला हाताशी घेऊन नवी बेअरिंगं बसवली, ग्रीस भरलं, नट आवळले. हबांवरच्या टोप्या तेवढ्या लावायच्या राहिल्या, तोच सीताबाई नवी साडी नेसून आरतीचं ताट घेऊन आली. "बिनपूजेची गाडी रस्त्याला काढू नका," म्हणाली. हबाला हळदकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. थेट उघड्या बेअरिंगात! मग पलीकडे जाऊन दुसऱ्या हबातही टाकल्या.

चिंधूने डोळेच मिटून घेतले. केसरीनाथची किंकाळी ओठापर्यंत आली. अक्षता कोरून काढाव्यात तर पूजा मोडली म्हणून ही रुसणार, ठेवाव्यात तर चाकं जाणार. मरू देत चाकं! त्याने टोप्या ठोकल्या. चाकं चढली. सीताबाई चक्क गाडीत बसली. त्याला तर नाचावंसं वाटलं.

गाडी निघाली. कर्र, कर्र, कर्र.

"आवाज कसला वो?"

"नवी हाय ना, रुळंल."

कसली रुळतेय! भिवंडीच्या अलीकडेच एक चाक जाम झालं. मोटरसायकलवरून मागे येणाऱ्या चिंधूने जवळच्या गोडाऊनमधला रिकामा टेम्पो आणि आठ हमाल आणले. आता सीताबाई उतरेना.

"अगं उतर की! खरं सांगतो, तुझ्या अक्षता बेअरिंगात गेल्या."

"ठाव हाय मला. टाकल्या तवाच तुमचं तोंड बघितलं."

"मंग बसलीस कशाला?"

"तीन वर्सांत पयल्यांदा वरडला न्हाय तुम्ही. म्हनून बसले. आता न्हाय उतरनार."

केसरीनाथचे डोळे भरून आले, म्हणून तो उगाच हमालांवर खेकसला. हमालांनी "या अली" म्हणत, फळ्या लावून गाडी बाईसकट टेम्पोवर चढवली. तोही तिच्या शेजारी जाऊन बसला.

अंबाडीत ही वरात बघायला सगळी आळी बाहेर आली. मेव्हणा मनोज तर दारात आ वासून उभा. सीताबाईने टेम्पोवरच्या गाडीची काच खाली केली आणि ठसक्यात हाक मारली, "मनोज, शिडी आन रं! तुझ्या दाजींनी मला गाडीनं आनलंय!"