मैत्रिणीचे दुखणे ऐकून कंटाळलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि ‘माझ्या एका मैत्रिणीला ना...’ हे शब्द आता मला ऐकवत नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तपासणाऱ्या बाईंनी मला तोंडासमोर धरून “हॅलो, हॅलो” म्हटले, “आवाज खणखणीत आहे” असा शेरा मारला आणि खोक्यात घातले. मला वाटले, आता आपल्यातून गाणी ऐकू येणार. नशिबी आला टीव्हीवरचा तरुणांच्या गप्पांचा कार्यक्रम. विषय पाळीचा, शरीराचा, लैंगिक आरोग्याचा. निवेदिकेला सगळे ताई म्हणत. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ती मला ओठांजवळ धरून सांगायची, “इथे लाजायचं नाही. मोकळं बोलायचं.”

मोकळं म्हणे! प्रेक्षकांतला एखादा उभा राही, आधी मला फुंके, मग टिचकी मारी आणि म्हणे, “माझ्या एका मित्राला ना... तिथे... तसलं काहीतरी होतं.” अरे, कुठे? कसलं? समोर बसलेल्या डॉक्टरबाई काय ज्योतिषी आहेत? ताकाला जाऊन भांडे लपवणारी ही मंडळी पाहून कपाळाला हात लावावासा वाटे. पण मला ना कपाळ, ना हात. दिग्दर्शकांची तऱ्हा आणखी निराळी. “अवयवांची नावं घेऊ नका, ‘नाजूक भाग’ म्हणा!” असे ते ओरडत. मी इतक्यांदा जमिनीवर आपटलो, माझी जाळी चेपली, पण मला कधी कोणी नाजूक म्हटले नाही.

कौतुकही झाले, खोटे कशाला बोलू? ‘धाडसी कार्यक्रम’ म्हणून बक्षीस मिळाले. पुढे चकचकीत बिनतारी माइक आले आणि मी कपाटात वायरींच्या गुंत्यात जाऊन पडलो. एकदा ऐन वेळी नव्याची बॅटरी संपली, तेव्हा मला ओढून बाहेर काढले. धूळसुद्धा पुसली नाही.

त्या दिवशी मध्यंतरात ताईने मला मांडीवर ठेवले आणि बंद करायला विसरली. ती डॉक्टरबाईंकडे झुकून म्हणाली, “डॉक्टर, माझ्या एका मैत्रिणीला ना, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जातं. बरेच महिने झाले. काही वाईट नसेल ना?”

मी थक्क झालो. दिव्याखालीच अंधार!

“तपासून घेतलं का तिने?”

“तिला लाज वाटते हो.”

“बरं. मग उद्या दोघी या. माझ्याकडे तपासायचं टेबल एकच आहे. त्यावर कोणी झोपायचं, ते ठरवून या.”

हे सगळे मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, स्टुडिओभर मोठ्याने सांगत होतो. मागच्या रांगेत एक मुलगी फिसकन हसली. ताईने दचकून माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज सांभाळणारे काका धावत आले. “चित्रीकरण बंद होतं हो, ताई. बाहेर कोणाला कळायचं नाही.”

झाका, लपवा! बाई आजारी आहे, त्याचे काय? मी संतापलो होतो.

ताईने मला उचलले. “चित्रीकरण सुरू करा,” ती म्हणाली. “मैत्रीण वगैरे कोणी नाही. रक्त मला जातंय. योनीतून. मी घाबरले, म्हणून दाखवायला गेले नाही. उद्या जाणार आहे.”

दिग्दर्शक ओरडले नाहीत. मघाशी हसलेली मुलगी उठून पुढे आली. तिने मला फुंकले नाही, टिचकी मारली नाही. “मला,” एवढे म्हणून ती थांबली. मग म्हणाली, “मला लघवी करताना जळजळ होते.”

“कधीपासून?” डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

ताई दुसऱ्या दिवशी गेली. गर्भाशयात गाठ निघाली, ती काढली. आता ती बरी आहे. “अजून थांबला असतात तर...” असे नंतर कार्यक्रमात म्हणून डॉक्टरबाई गप्प बसल्या. इतक्या वर्षांत ऐकलेल्या अर्धवट वाक्यांपैकी तेवढे एकच मी माफ केले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, आपटू नका. आणि दुखत असेल तर जागेचे नाव घेऊन, स्वतःच्या तोंडाने सांगा. त्या मैत्रिणीला आता सोडा. साऱ्या जगाची दुखणी ती बिचारी एकटीच सोसते आहे, आणि औषध मात्र तिला कोणी देत नाही.