निरोपाची सोय

क्रांती पोवारचा धंदा असा होता की तो नुसता सांगायला गेलं तरी समोरचा माणूस दाराच्या कडीला हात घालायचा. घरात कुणी गेलं की एक फोन करायचा. पुढचं सगळं क्रांती आणि तिचा धाकटा भाऊ विजयसिंह बघणार. डॉक्टरचा दाखला, अंघोळ, तिरडी, गाडी, भटजी, रक्षाविसर्जन, महापालिकेतली नोंद. दोघांनी त्याला 'सोबत' असं नाव दिलं होतं.

विजयसिंह आधी शाळेच्या पोरांची ने-आण करायचा. शाळेनं स्वतःच्या बस घेतल्या आणि त्याची व्हॅन दारात उभी राहिली. क्रांती राजारामपुरीतल्या एका लहान दवाखान्यात सिस्टर होती. डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं. लग्न मोडून माहेरी आलेल्या बाईला घरी बसून चालण्यासारखं नव्हतं. व्हॅन पांढरी रंगवली. काचांवर पोरांनी चिकटवलेली कार्टूनची चित्रं काही केल्या निघेनात, तेव्हा दोघांनी दिवसभर बसून ती रॉकेलनं खरवडून काढली.

गल्लीत मात्र फरक पडला. पूर्वी कुणाला सलाइन लावायचं असलं, बाळंतिणीचं काही असलं की क्रांतीला हाक यायची. आता शेजारच्या बारशालाही तिला बोलावणं आलं नाही. भावजय काही वाईट बोलत नसे, पण कामावरून आल्यावर दारातच बादली भरून ठेवलेली असे.

ज्येष्ठ नागरिक संघानं रविवारी सकाळी नव्या छोट्या व्यवसायांची ओळख करून द्यायचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा विजयसिंहानंच तिचं नाव नोंदवलं.

"आक्का, तू बोल. मी बोललो तर लोकं पळतील," तो म्हणाला. "आणि मरणबिरण असलं काय काढू नकोस. सेवा म्हण. सोय म्हण."

तिच्या आधी नाचणीच्या लाडवांवाली एक बाई बोलली आणि तिनं सगळ्यांना एकेक लाडू वाटला. मग क्रांती उभी राहिली. पाठ केलेलं तिनं घडाघडा म्हटलं. 'सोय' आणि 'सेवा' हे शब्द इतक्यांदा आले की मागच्या रांगेतले, टोपी घातलेले एक आजोबा वैतागले.

"अगं पण कसली सोय ते तरी सांग की!"

"माणूस गेल्यावर जे काय करावं लागतंय, ते सगळं," क्रांती म्हणाली.

मग ते आजोबा म्हणाले, "लाडूवालीनं सँपल दिलं. तू देणार काय?"

सभागृह हसलं. क्रांतीही कसंनुसं हसली. आजोबा आता रंगात आले होते. "पोरी, कोल्हापुरात मरण फुकट असतंय. जाळायला शेणी म्युन्शिपाल्टी देती, खांदा द्यायला गल्ली येती. त्याला दुकान कशाला?"

पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून बाहेर गेल्या. लाडू हातात धरून बसलेली माणसं ते खावेत की नको अशा नजरेनं बघत होती. क्रांतीला खाली बसावंसं वाटलं. पण ती बसली नाही.

"गल्ली येती, खरं हाय," ती म्हणाली. आता पाठ केलेलं काहीच उरलं नव्हतं. "पण तुमच्या अपार्टमेंटात खाली कोण राहतंय, वर कोण राहतंय, तुम्हाला ठाऊक हाय काय? मी दवाखान्यात होते. एका सकाळी एकाचे वडील गेले. मुलगा शिकलेला, मोठ्या पगाराचा. पुण्याहून आलेला. मी त्याला सांगितलं. तो रडला न्हाई. मला म्हणाला, सिस्टर, आता मी काय करायचं? मी म्हटलं, दाखला घ्या, गाडी बोलवा, नातेवाईकांना कळवा. तो फोनवर बोलत कॉरिडॉरमधनं नुसता येरझाऱ्या घालत होता. कुणी गाडीचा नंबर देईना, कुणी पत्ता विचारत होतं. चार तास. आणि आत त्याचे वडील एकटे पडून होते. त्यानं बापाच्या हाताला हात लावलेला मी बघितला न्हाई. वेळच मिळाला न्हाई त्याला. मी एवढंच म्हणते, की ती धावपळ आमची. तुमच्या माणसानं फक्त तुमच्याजवळ बसायचं."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढचा माणूस घरी येऊन व्यायाम करून घ्यायच्या सेवेबद्दल बोलायला उठला, आणि सगळ्यांनी सुटल्यासारखी मान त्याच्याकडे वळवली.

जिन्यात तिला मागून हाक आली. कठडा धरून एक सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाई उतरत होत्या. निवृत्त शिक्षिका. लीला गोडबोले.

"उद्या घरी याल का? सातव्या गल्लीत. मला ह्यांच्यासाठी ठरवून ठेवायचंय."

दुसऱ्या दिवशी क्रांती गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी लीलाताईंचे यजमान, अण्णा, बसले होते. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलेलं; आता बायकोचं नाव आणि चहाची वेळ सोडून फारसं काही आठवत नव्हतं. त्यांनी क्रांतीला बसायला सांगितलं आणि विचारलं, "चहा घेतलात का?" ती हो म्हणाली. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

लीलाताई त्यांच्यासमोरच बोलल्या. "ह्यांचं हृदय दमलंय. डॉक्टर म्हणतात, कधीही. मुलगी कॅनडात असते, ऋता. तिला दिवस गेलेत, विमानात बसता येणार नाही. इथं आम्ही दोघंच. तुम्ही काल म्हणालात ना, की धावपळ तुमची. मला तेवढंच हवंय. हे गेले की मला ह्यांच्याजवळ बसायचंय. शेवटपर्यंत. कुणाला फोन करायचा नाही, काही शोधायचं नाही."

"बसा तुम्ही," क्रांती म्हणाली. "मी शब्द देते."

'सोबत'चं ते पहिलं आगाऊ ठरलेलं काम. विजयसिंहानं त्या दिवशी पेढे आणले आणि मग हे कसलं पेढे वाटणं, म्हणून दोघांनीच गुपचूप खाल्ले.

फाल्गुनातल्या एका सकाळी लीलाताईंच्या मोलकरणीचा फोन आला. क्रांतीला वाटलं, अण्णा गेले. ती जिना चढून वर गेली, तर अण्णा टेबलाशी बसले होते, अंगात स्वच्छ सदरा.

"लीलाला बोलवा हो," ते म्हणाले. "चहाची वेळ होऊन गेली."

लीलाताई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडल्या होत्या. दुधाचं पातेलं गॅसवर करपून काळं झालं होतं. गॅस मोलकरणीनं बंद केला होता. डॉक्टर येऊन मेंदूतल्या रक्तस्रावाचं काहीतरी म्हणाले आणि दाखला लिहून गेले.

क्रांतीनं मोलकरणीला हाताशी घेऊन त्यांना अंघोळ घातली, केस विंचरले, कपाटातली हिरवी इरकल नेसवली. मध्ये ऋताचा फोन सुरू होता. ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "बाबांजवळ कोण आहे? बाबांना कळलंय का?"

क्रांतीनं अण्णांच्या पुढ्यात बसून सांगितलं. "अण्णा, लीलाताई गेल्या."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांना धरून आतल्या खोलीत नेलं, ते बायकोच्या कपाळावर हात ठेवून बसले. विजयसिंह दारात थांबला होता. कुणी घाई केली नाही. पण थोड्या वेळानं अण्णांनी वर बघून विचारलं, "ह्या कोण बाई? ह्यांना बरं नाही का?"

स्मशानात संघातली माणसं आली होती. टोपीवाले आजोबाही. अग्नी द्यायच्या वेळी क्रांतीनं अण्णांचा हात आपल्या हातात धरला. येताना गाडीत ते म्हणाले, "उशीर झाला. लीला वाट बघत असेल." क्रांतीनं पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. संध्याकाळी तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली, तेव्हा तिच्यानं सांगवेना. "बाहेर गेल्यात," ती म्हणाली. ते शांत झाले.

रक्षाविसर्जनाला टोपीवाल्या आजोबांनी तिला बाजूला बोलावलं. "त्या दिवशी थट्टा केली, मनावर घेऊ नकोस. माझा थोरला दुबईला असतोय. माझं नाव घालून ठेव." त्यांच्यामागे आणखी दोघं उभे होते. सभागृहात जे जमलं नव्हतं, ते लीलाताईंच्या राखेपाशी जमलं. क्रांतीला त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली.

पुढचे पंधराएक दिवस दिवसा मोलकरीण आणि बाकीचा वेळ क्रांती, अशा दोघी अण्णांजवळ राहिल्या. विजयसिंहाला ते पटत नव्हतं.

"आक्का, आपला धंदा मेलेल्यांचा हाय. जित्त्यांचा न्हाय."

"माहीत हाय की मला."

"मग? काल दोन फोन आले, तू हितं. मी एकटा बाईमाणसाला अंघोळ कशी घालू?"

ऋतानं फोनवरूनच चौकशा करून पन्हाळ्याजवळचा एक वृद्धाश्रम ठरवला. "तुम्हीच सोडून याल का?" तिनं विचारलं. "तुम्हाला बघून बाबा घाबरत नाहीत."

विजयसिंह व्हॅन काढायला लागला, तशी क्रांती ओरडली. "त्या गाडीतनं न्हाई. जित्ता माणूस हाय त्यो." त्यांनी शेजाऱ्याची मोटार मागून आणली.

वाटेत अण्णा खुशीत होते. घाट लागल्यावर काच खाली करायला लावून त्यांनी ऊस, वळणं, खालची घरं बघितली. कुठल्या तरी जुन्या सहलीची आठवण त्यांना झाली असावी.

"लीला पुढं गेली का?" त्यांनी विचारलं.

"व्हय अण्णा. पुढं गेल्यात."

"डबा तिच्याकडेच असेल."

विजयसिंहानं आरशातून मागं बघितलं आणि नजर रस्त्यावर वळवली.

आश्रम स्वच्छ होता. अण्णांना पलंग दाखवला, बाळाबाई नावाच्या तिथल्या बाईनं त्यांची चादर नीट केली. क्रांती निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले. "चहा घेतलात का?" म्हणाले. ती हो म्हणाली आणि गाडीत बसल्यावर पदर तोंडावर घेऊन बसून राहिली.

सुरुवातीला ती दर रविवारी जायची. खारी न्यायची, नखं कापून द्यायची. पण लीलाताईंच्या वेळचं बघून राजारामपुरीत 'सोबत'चं नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं. विजयसिंहानं दुसरी गाडी घेतली. संघानं तिला पुन्हा बोलायला बोलावलं, तर खुर्च्या कमी पडल्या. मरण रविवार बघून येत नाही. एक रविवार चुकला, मग दोन. ऋताला मुलगा झाला. तिनं त्याचा फोटो पाठवला, अण्णांना दाखवा म्हणाली. तो दाखवायला जायचं म्हणेपर्यंत आषाढ लागला.

त्या दिवशी क्रांती टाकाळ्यावरच्या एका घरी होती. गेलेल्या म्हातारीच्या लेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि आईचे पाय कुणी धुवायचे यावरून तिथंच वाद पेटला होता. तो मिटवून, स्मशानातून परत येऊन तिनं गाडीत राहिलेला फोन हातात घेतला, तर आश्रमाचे सहा फोन येऊन गेले होते.

ती पोचली तेव्हा पन्हाळ्यावर धुकं उतरलं होतं आणि अण्णांचं सगळं आवरलं होतं. आश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले, "पाऊस वाढायला लागलेला, म्हणून थांबलो न्हाई. गावातली चार माणसं आली. ऋताताईंना फोनवर दाखवलं. तुम्ही कशाला एवढ्या पावसात आलासा?"

"त्यांचं माझ्याकडं ठरलं होतं," क्रांती म्हणाली.

"काय ठरलंतं?"

तिनं मान हलवली. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. सगळ्यात आधी ज्यांच्यासाठी शब्द दिला, त्यांच्याच वेळी ती दुसऱ्याच्या दारात होती.

मागच्या पडवीत बाळाबाई अण्णांची गादी गुंडाळत होती. क्रांती जवळ जाऊन उभी राहिली. विचारायचा धीर होईना.

"कुणी होतं का जवळ?"

"मी होते की," बाळाबाई म्हणाली. "सकाळची पेज भरवत होते. दोन चमचं घेतलं, तिसऱ्याला तोंड मिटलं. मला म्हणालं, लीला, पुरे. मी म्हटलं, बरं. काय सांगत बसू, मी लीला न्हाई म्हणून? हात धरून बसले. मग थोड्या वेळानं हात जड झाला."

क्रांती तिथंच गादीवर बसली. बाळाबाईनं तिला बसू दिलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आतून कुणा आजींनी पाणी मागितलं, तशी बाळाबाई उठून गेली.

व्यवस्थापकांनी तुम्ही काही आवरू नका म्हणून सांगितलं, तरी क्रांतीनं गादी बांधली, पलंग पुसला. ऋताला फोन लावला. तिकडे पहाट होती. बाळ रडत होतं. ऋता हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथं? मला फोनवर नीट दिसलं नाही."

क्रांतीच्या तोंडात 'व्हय' आलं होतं. या चार-पाच महिन्यांत ते सोपं खोटं तिला चांगलं जमायला लागलं होतं.

"न्हाई ऋताताई," ती म्हणाली. "मला पोचायला उशीर झाला. बाळाबाई म्हणून हितल्या बाई आहेत, त्या होत्या. थांबा, त्यांना बोलावते. त्याच सांगतील तुम्हाला."