दुसरं डेटा सेंटर

त्रोन्हेम शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीची सिस्टीम राग्नहिल्डने रचली होती. गळ्यातलं बटण दाबलं की हाक क्लाउडमधल्या सर्व्हरकडे जायची आणि तिथून परिचारिकांच्या फोनवर. हे सर्व्हर जिथे ठेवलेले असतात ते एक डेटा सेंटर बंद पडलं तर दुसऱ्याने काम उचलायचं, अशी मांडणी. त्या दुसऱ्यासाठी ती सगळ्यांशी भांडली होती.

पानगळीच्या सुमारास टोरगेयरने ते काढून टाकायला सांगितलं. तो तिचा वरिष्ठ आणि जुना मित्रही.

"एकदा तरी लागलंय का ते?" तो म्हणाला. "नुसतं भाडं खात पडून आहे. उन्हाळ्यात परत जोडू."

राग्नहिल्डने खूप वाद घातला, मग थकली. शेवटी ते काढलंही तिनेच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर घोळ झाला असता.

फेब्रुवारीत एका सकाळी उरलेलं डेटा सेंटर कोलमडलं. दुपारपर्यंत शहरातली एकही हाक कुणापर्यंत पोहोचली नाही. आस्लाउग नावाच्या आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. नळ चालूच राहिला; पाणी जिन्यात आलं तेव्हा शेजारी धावला. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीच्या बैठकीत टोरगेयरने शांतपणे सांगितलं की रचना राग्नहिल्डची आणि बदलही तिच्याच हातचा.

"मी तुला नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"म्हणालीस ना. आणि मग केलंस."

बाकीचे आपापल्या कॉफीत बघत राहिले.

ती इस्पितळात गेली. माफी कशी मागायची ते वाटेत ठरवलं होतं. पण आजींना बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"दाबत होते गं मी, कितीतरी वेळ," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, माझ्यापेक्षा अडलेलं कुणी असेल, पोरी तिकडे गेल्या असतील. आपण थांबावं. तू नर्स आहेस का?"

राग्नहिल्ड नाही म्हणाली. माफी मागायची राहिलीच. पांघरूण सारखं करून ती निघाली.

आजी घरी परतल्या नाहीत. त्यांना वृद्धाश्रमात हलवलं. वसंतात दुसरं डेटा सेंटर पुन्हा जोडलं गेलं. महापालिकेच्या सभेत टोरगेयरने ते आपल्या दूरदृष्टीचं फळ म्हणून मांडलं. टाळ्या पडल्या. राग्नहिल्डनेही वाजवल्या; एकट्या तिचेच हात थांबले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.