ओढ की सोड

“जो संघासाठी झिजत नाही, त्याला संघाच्या आडोशाला बसण्याचा अधिकार नाही. इतिहास पाठीमागून येणाऱ्यांची दखल घेत नाही.”

असं कप्तान म्हणाले आणि त्यांनी उजवा हात उंचावला. ते डोळे तपासायच्या फिरत्या स्टुलावर बसलेले असल्यामुळे हाताबरोबर स्टूलही निघालं. ‘इतिहास’ हा शब्द भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला उद्देशून गेला, ‘पाठीमागून येणाऱ्यांची’ हे फ्रेमांच्या कपाटाला सांगून झालं आणि ‘दखल घेत नाही’ हे त्यांनी आरशाला ठणकावलं. आरशातल्या गृहस्थांनी तेवढी मान डोलावली. बाकी संघ बिस्किटं खात होता.

संघ म्हणजे चार माणसं. कप्तानांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत संघाच्या बैठका होत. कप्तानपद त्यांच्याकडे का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हे की खोली त्यांची होती. दुसरे बेकरीवाले, हे आकारानं आपल्याच पावासारखे फुगलेले आणि स्वभावानंही तसेच मऊ. तिसरे वकील. त्यांना सायकलपेक्षा सायकलीच्या नियमांची आवड जास्त. आणि चौथा कप्तानांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट बंद पडली की लोक त्याला बोलावत आणि लिफ्ट बंद असल्यामुळे तो खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यानं वर जाई. अशा धंद्यात ज्या मांड्या तयार होतात त्या कुठल्याही व्यायामशाळेत होत नाहीत. संघात सायकल चालवता येणारा तो एकटाच होता. बाकीचे सायकलीवर बसायचे.

कप्तानांच्या त्या घोषणेमागे इतिहासापेक्षा एक साधी अडचण होती. शर्यतीत संघाच्या मागून पाणी, पंप आणि जादा चाकं घेऊन बेकरीची गाडी यायची, आणि ती चालवायच्या कप्तानांच्या बायको. त्यांनी मोसमाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, “हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी माझे रविवार मला परत हवेत. उन्हातान्हात तुमच्या मागे मागे फिरायला मी काय अँब्युलन्स आहे?”

तेव्हा पुढच्या वर्षी चौघांपैकी कुणीतरी सायकल सोडून गाडीत बसणं भाग होतं. कप्तानांनी नियम काढला: मोसमातल्या सहा शर्यतींत पहिल्या दहांत येणाऱ्याला गुण मिळतात, ज्याला एकही गुण मिळणार नाही, तो गाडी चालवेल. नियम सर्वांना सारखा होता. फक्त तो मापं बेकरीवाल्यांची घेऊन शिवलेला होता, हे बेकरीवाल्यांसकट सगळ्यांना दिसत होतं.

“चालेल की,” बेकरीवाले म्हणाले. “गाडी माझीच आहे. तिचा दुसरा गिअर जरा रुसतो, तो मलाच ठाऊक.”

पहिल्या शर्यतीत कप्तान जिवाच्या आकांतानं पुढे निघाले. एका चौकात उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं कान खाजवायला हात वर केला. कप्तानांना तो इशारा वाटला आणि ते डावीकडे वळले. त्यांच्यामागे त्यांच्यावर विसंबलेला अख्खा घोळका वळला, आणि सगळे मिळून एका फर्निचरच्या गोदामाच्या अंगणात शिरले. तिथं एक बाई गाद्या उतरवून घेत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “डिलिव्हरी कुणाची?” इकडे बेकरीवाले इतके मागे राहिले होते की त्यांना पुढे कुणी दिसेचना. त्यांनी सायकल थांबवून स्वयंसेवकाला रस्ता विचारला, आभार मानले आणि सातवे आले. मेव्हण्यालाही त्याच दिवशी गुण मिळाला.

नियम पाळायचा असतो, हे कप्तानांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाचक वाटलं.

दुसऱ्या शर्यतीच्या आधी त्यांनी पायांवरचे केस काढले. त्यानं वारा अडत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. बायकोनं न्हाणीघराच्या दारातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अहो, वारा पायांना नाही अडत. पोटाला अडतो.” त्या दिवशी ते सव्विसावे आले, पण पाय छान दिसत होते असं वकिलांनी मान्य केलं. तिसऱ्या शर्यतीत वकील स्वतः अकरावे आले आणि दहाव्यानं वाटेत परवानगीशिवाय सायकल बदलली म्हणून संयोजकांशी इतके भांडले, की त्यांनी कंटाळून दहावा नंबर देऊन टाकला. वकिलांनी गुण पायांनी नाही, तोंडानं मिळवला. पण मिळवला.

चौथ्या वेळी कप्तानांनी स्वतःच्या दुकानातला, स्वतः घासलेला खास चष्मा लावला. वरच्या अर्ध्या भागातून लांबचं, खालच्या अर्ध्यातून जवळचं. मान खाली घातली की खड्डा जवळ येई, मान वर केली की तो दूर जाई. कप्तानांनी मधला मार्ग काढला आणि बरोबर खड्ड्यात गेले. पाचव्या शर्यतीत काहीच अपघात झाला नाही. ते नुसतेच हळू होते. ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागली. समोरून वारा येत होता आणि बायको गाडी शेजारी आणून खिडकीतून विचारत होती, “काही हवंय का?”

“वारा मागून,” कप्तान धापा टाकत म्हणाले.

“तो नाही गाडीत. केळं आहे.”

अशा रीतीनं सहावी, शेवटची शर्यत उरली, आणि संघात ज्याच्या नावावर एकही गुण नाही असा माणूस एकच उरला. बेकरीवाले म्हणजे भला माणूस. ते एका दुपारी गाडी घेऊन दुकानाशी आले आणि म्हणाले, “या, बसा जरा. दुसरा गिअर दाखवून ठेवतो.” कप्तान बसले. आत गरम पावाचा वास होता, सीट मऊ होती, पाठीला आधार होता. पायांना काहीही करावं लागत नव्हतं. हे सुख पाहून ते दचकून खाली उतरले. आपण वाईट सायकलपटू आहोत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण रविवारी सकाळी घोळक्याच्या मधोमध असताना चारी बाजूंनी साखळ्यांची जी बारीक किरकिर ऐकू येते, ती काचा लावलेल्या गाडीत ऐकू येणार नव्हती. तेवढ्यासाठीच ते एवढी वर्षं सव्विसावे येत होते.

मग त्यांनी स्वाभिमान चष्म्याच्या डबीत ठेवला आणि मेव्हण्याला बोलावलं.

“तू पुढे राहायचं. मी तुझ्या चाकामागे, आडोशाला. तू वारा कापायचा आणि मला पहिल्या दहांत आणून टाकायचं. ह्यात काही कमीपणा नाही. मोठे मोठे असंच करतात.”

“तुम्ही म्हणाल तसं, भावोजी,” मेव्हणा म्हणाला. तो कप्तानांना गेली कित्येक वर्षं असंच ओढत होता. फक्त आजवर ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

“आणि वाऱ्यात लांबलचक बोलता येत नाही. म्हणून दोनच शब्द. मी ‘ओढ’ म्हणालो की जोर लावायचा. ‘सोड’ म्हणालो की मला सोडून तू सुटायचं.”

“हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात,” वकील म्हणाले. “माझी हरकत नोंदवून घ्या.”

“मराठी मला कळतं,” कप्तान म्हणाले. “आणि दुसरा शब्द वापरायची वेळच येणार नाही.”

शेवटची शर्यत तळ्याभोवतीच्या रस्त्यावर होती. ऊन होतं, वारा होता, आणि मेव्हण्याच्या चाकामागे कप्तान असे चिकटले होते की दोघांत पोस्टकार्ड जाऊ नये. एकेक गडी मागे पडत गेला. शेवटच्या फेरीत बायकोनं गाडीतून ओरडून सांगितलं, “तुम्ही नववे-दहावे आहात. मागे बघू नका, पडाल.” कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यानं आलं असं त्यांनी नंतर सांगितलं.

शर्यत संपायची पट्टी दिसू लागली तसा मेव्हण्याचा वेग जरासा कमी झाला. मागून साखळ्यांची किरकिर जवळ आली.

“ओढ,” कप्तान ओरडले.

मेव्हण्यानं मान किंचित वळवली.

“ओढ. अरे, ओढ!”

मेव्हणा सीटवरून उठला. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी म्हातारी अडकली असावी, तसा तो निघाला. बघता बघता आडोसा गेला आणि वाऱ्यानं कप्तानांच्या छातीवर भिंत बांधली. मेव्हणा एकेकाला मागे टाकत पहिला आला. कप्तान अकरावे आले. दहावा त्यांच्या पुढे होता तो जेमतेम चाकभर.

बक्षीस देताना संयोजकांनी मेव्हण्याच्या हातात माईक दिला आणि विचारलं, तुम्ही तर भावोजींना घेऊन येत होता, मग हे कसं काय झालं? मेव्हण्यानं दोनदा घसा खाकरला.

“भावोजी मागून म्हणाले, सोड. मग मी सुटलो.”

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या मेव्हण्यासाठी नव्हत्या. लोक मागे वळून कप्तानांकडे पाहत होते. एक वयस्कर गृहस्थ येऊन त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “ह्याला म्हणतात कप्तान.” कप्तानांनी तोंड उघडलं होतं ते खुलासा करायलाच. पण उघडलेल्या तोंडावर फोटो निघाला, आणि तो हसरा आला.

गाडीत बसताना बायको म्हणाली, “तुम्ही सोड म्हणालात? तुम्ही? टीव्हीचा रिमोट कधी सोडला नाहीत आजवर.”

“खेळात माणूस वेगळा असतो,” कप्तान म्हणाले, आणि केळं खाऊ लागले.

पुढच्या बैठकीला दुकानामागच्या खोलीत चौघं जमले. बेकरीवाल्यांनी आज केक आणला होता. तो कापायच्या आधी त्यांनी घसा साफ केला. “मला भाषण येत नाही. पण ज्यानं हातातला गुण दुसऱ्यासाठी सोडला, त्यानं गाडी चालवायची, हे माझ्या मनाला पटत नाही. पुढच्या वर्षी गाडी मी चालवतो. माझा सातवा नंबर तसाही रस्ता विचारून आलेला.”

“नियमाला अपवाद करता येतो,” वकील म्हणाले. “ठराव मी मांडतो.”

कप्तानांना आता फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसल्यानं काम होणार होतं. पुढचा अख्खा मोसम, साखळ्यांची ती किरकिर, सगळं समोर केकच्या बाजूला ठेवलेलं होतं. पण बेकरीवाले अगदी मनापासून केक कापत होते, आणि सगळ्यात मोठा तुकडा कप्तानांच्या बशीत ठेवत होते.

कप्तान उभे राहिले.

“मी सोड म्हणालो नव्हतो,” ते म्हणाले. “ओढ म्हणालो होतो. तीनदा. मला त्याग वगैरे काही करायचा नव्हता. मला दहावं यायचं होतं.”

बेकरीवाल्यांची सुरी केकमध्येच थांबली. मेव्हणा बशीकडे बघत राहिला.

“माझ्या शब्दाचा दोष,” कप्तान पुढे म्हणाले. “ह्याला नीट ऐकू गेलं नाही.”

“गेलं होतं,” मेव्हणा म्हणाला.

“काय?”

“ओढच ऐकू आलं होतं, भावोजी. स्वच्छ. पहिल्यांदा ओढ, दुसऱ्यांदाही ओढ. तिसऱ्यांदा म्हटलं, एवढी वर्षं ओढतोय, आपल्याला एकदा सोड ऐकू यायला काय हरकत आहे?”

“आणि माईकवर?”

“माईकवर काय सांगणार होतो? बहिणीचे यजमान तुम्ही. घरी ताईला तोंड दाखवायचंय मला.”

कप्तानांना राग यायला हवा होता. त्यांनी तो थोडा शोधलाही. पण मेव्हणा पट्टीकडे झेपावला तेव्हाची त्याची पाठ त्यांना आठवली. ती पाठ त्यांनी वर्षानुवर्षं इतक्या जवळून पाहिली होती, आणि ती एवढी जोरात जाऊ शकते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं होतं. चष्मेवाल्याला हे दिसायला एवढी वर्षं लागावीत, ह्याचं त्यांना जरा हसू आलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले, आणि आवाज आपोआप भारदस्त झाला. “नियम मी केला, नियम मला लागू. पुढच्या मोसमात गाडी मी चालवीन. आणि जो सायकल चालवत नाही त्यानं कप्तान राहू नये. आजपासून कप्तान हा.” त्यांनी मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी पाठीमागून येईन. मिळेल तेवढं पाणी देईन.”

मग ते थांबले. अशा वेळी कुणीतरी ‘छे, छे’ म्हणतं. निदान एकजण उठून उभा राहतो. बेकरीवाल्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटत होते, पण त्यांच्या तोंडात केक होता. मेव्हण्यानं मान खाली घातली होती. फक्त वकील कप्तानांकडे अगदी एकटक, विचारात पडल्यासारखे पाहत होते. आता ते काहीतरी बोलणार हे स्पष्ट होतं, आणि कप्तान त्यांच्याकडे वळून उभे राहिले.

वकिलांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुढे केला.

“तुम्ही उभेच आहात, तर ह्या काडीचा स्क्रू तेवढा आवळून द्या ना. महिनाभर नाकावरून घसरतोय.”