पुसट चेहऱ्याचा माणूस

"तुझा भाऊ हल्ली दिसत नाही, नुसता ऐकू येतो," बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. "आधी फोनवर कॅमेरा लावून भाच्याला वाकुल्या दाखवायचा. आता नुसतं हो नि बरं. एकदा जाऊन बघून ये त्याला."

तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. "अहो आई, त्याचा कॅमेरा बिघडलाय," म्हणाली आणि मोकळी झाली. सासूबाईंना सगळ्यांतच खोट दिसायची. दुकानदार वजनात मारतो, डॉक्टर मुद्दाम परत बोलावतो, समोरची बाई खिडकीतून पाळत ठेवते. त्यात धाकट्याच्या कॅमेऱ्याचं काय घेऊन बसायचं?

धाकटा म्हणजे तिच्या पाठचा भाऊ. आई-बाबा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे तो एवढाच. गाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो होता. खेळातली माणसं चालतात कशी हे ठरवणं त्याचं काम. म्हातारा कसा चालेल, चोर कसा, दमलेला शिपाई कसा. लहानपणी पाहुण्यांच्या चालीची नक्कल करून मार खायचा, मोठेपणी त्याचाच पगार घेऊ लागला.

त्या कंपनीवर एक माहितीपट-मालिका आली. बाळाला पाजत, आवाज बंद ठेवून, खालच्या अक्षरांवर ती दुपारी मालिका बघायची आणि दुसऱ्या हातानं फोनवर प्रेक्षकांची मतं वाचायची. खरं सांगायचं तर मतंच जास्त चवीनं वाचायची. कुणाला मालक देवमाणूस वाटे, कुणाला पक्का नाटकी. कुणी लिही, 'हे सगळं कंपनीनंच पैसे देऊन काढलंय.' त्याला खालून उत्तर येई, 'मग तू फुकट बघतोयस ना, गप बस की.'

दुसऱ्या भागात सगळे एका लांब टेबलाभोवती बसलेले होते. त्यांतल्या एकाचा चेहरा पुसट केलेला. बोटानं काचेवरची वाफ पुसावी, तसा. बाकी सगळे लख्ख. तिनं सहज बघितलं आणि बाळाच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला. तो माणूस एक पाय खुर्चीवर दुमडून बसला होता, आणि दुसऱ्या पायाचा बूट काढून पंज्यानं त्याच बुटाशी खेळत होता. शाळेपासून आई ज्यासाठी ओरडायची, ती बैठक. चेहऱ्याची गरजच नव्हती.

तिनं लगेच फोन लावला.

"तुमच्या कंपनीवरची मालिका बघतेय रे."

"कशाला? पकाऊ आहे."

"तू दिसत नाहीस कुठं?"

"आमच्या मजल्यावर कॅमेरेवाले आलेच नाहीत, ताई."

"एकदाही?"

"आम्ही काय बघण्यासारखे आहोत? वटवाघळं नुसती. पडदे ओढून बसतो. भाचा काय म्हणतो?"

"भाचा विचारतोय, मामाचा कॅमेरा दुरुस्त कधी होणार?"

"त्याला सांग, मामालाच दुरुस्तीला टाकलाय." तो हसला. तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. हा आपल्याशी खोटं बोलला. का?

उत्तर तिसऱ्या भागात मिळाल्यासारखं झालं. खेळ बाजारात यायच्या आधीच त्यातली दृश्यं कुणीतरी बाहेर फोडली होती. मालक कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "आपल्यातल्याच कुणीतरी हे केलंय." पुढच्याच दृश्यात मागे तो पुसट चेहरा. झालं, प्रेक्षकांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी त्याचं बारसंही करून टाकलं, पुसटराव. 'पुसटरावानंच विकलं.' 'चोर नसता तर तोंड का लपवलं असतं?' 'बघा, मालक भाषण करतोय, सगळे टाळ्या वाजवतायत, पुसटराव सोडून.'

तिनं ते दृश्य पुन्हा बघितलं. खरंच, तो टाळ्या वाजवत नव्हता.

नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं त्याच्यासमोर फोन धरला.

"पुसट दिसणारी माणसं मी दिवसभर बघतो," तो म्हणाला. "नंबर काढून देऊ का याचा?"

"चेष्टा नको. हा धाकटा आहे."

"जगात तो एकटाच पाय दुमडून बसतो का?"

"मग माझ्याशी खोटं का बोलला? काहीतरी पाणी मुरतंय."

नवऱ्यानं फोन खाली ठेवला. "नको म्हटलं तरी तू विचारणारच. पण विचारशील तेव्हा बहीण म्हणून विचार. चोर पकडल्यासारखं नको."

तिनं विचारलंच नाही. कारण बहीण म्हणून विचारायला बसली, की जिभेवर चोराचाच प्रश्न यायचा.

ती मतं वाचत राहिली. त्यांत दोघं तिच्या ध्यानात राहिले. एक स्वतःला 'कात्रीवाला' म्हणवायचा. त्यानं लिहिलं होतं, 'मी अशाच मालिका कापून जोडून पोट भरतो, आणि राहतोही कंपनीच्याच गावात. कंपनीला माणूस नकोसा असेल तर तो सरळ कापला जातो. चेहरा पुसट करा अशी मागणी बहुतेक वेळा त्या माणसाचीच असते. घरच्यांनी आपल्याला असं बघू नये म्हणून.'

असं म्हणजे कसं? तिनं टाळ्यांचं दृश्य परत लावलं, थांबवलं, मोठं केलं. टेबलाखाली त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तरी उजव्या हाताची बोटं थरथरत होती.

दुसरा होता 'खरं तेच' नावाचा कुणीतरी. पुसटरावावर सगळ्यांत जहरी तो लिहायचा. 'म्हाताऱ्याची चाल यानंच केली होती, दुरुस्तीला पुन्हा पुन्हा परत आली.' 'जेवायच्या खोलीत हा आला की लोक उठून जायचे.' यातलं मालिकेत काहीच दाखवलं नव्हतं. म्हणजे हा कंपनीतलाच, शेजारच्या खुर्चीवरचा. घरचा भेदी. त्याचा ती इतका राग करू लागली, की बाळाला झोपवताना मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची.

शेवटच्या भागात मालकानं चहाचा कप हातात घेऊन, जाता जाता सांगितलं, की दृश्यं फुटली ती बाहेरच्या छापखान्यातून, जाहिरातीची चित्रं छापायला दिली होती तिथून. कंपनीतल्या कुणाचा संबंध नव्हता. एवढं एक वाक्य, आणि मालिका पुढे सरकली.

तिला रडू आलं. आपण भावावर संशय घेतला म्हणून, आणि तो संशय खोटा ठरला म्हणूनही. आता लोक माफी मागत असतील, या आशेनं तिनं मतं उघडली. माफी मागायला कुणाला वेळ होता? लोक मालकाच्या कुत्र्याचं कौतुक करत होते. पुसटरावावर नवं असं एकच मत होतं, 'खरं तेच'चं.

'चोर नसला म्हणून काय झालं? खुर्चीचा पाचवा पाय आहे तो. काढून टाका. खुर्ची कुठं पडते?'

तिनं ते पुन्हा वाचलं. बाबा सुतार होते, खुर्च्या करायचे. धाकटा त्यांच्या पायात पायात घोटाळायला लागला, की म्हणायचे, "अरे, खुर्चीचा पाचवा पाय, हो बाजूला." जगात दुसऱ्या कुठल्याही घरात तिनं हे ऐकलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतंच. धाकटाच स्वतःबद्दल इतके दिवस लिहीत होता, आणि लोक खाली अंगठे देत होते.

तिनं घाईघाईनं त्याखाली लिहिलं, 'हे बाबांचं वाक्य आहे. तू आहेस ना? फोन उचल.'

मग तिच्या डोळ्यांदेखत 'खरं तेच'ची मतं एकेक करत नाहीशी होऊ लागली. आधी जुनी, मग कालची, मग ते खुर्चीचं. शेवटी नावही गेलं.

तिनं फोन लावला. बंद. कंपनीत लावला. "ते आता इथं नसतात," तिथली मुलगी म्हणाली. कधीपासून, ते सांगायची तिला परवानगी नव्हती. तो राहायचा त्या इमारतीखालच्या सायकलवाल्याचा फोन वाजून वाजून थांबला. त्या गावचे पोलीस म्हणाले, "बाई, मोठ्या माणसानं फोन बंद ठेवणं हा काही गुन्हा नाही. गाडी रिकामी झाली की पाठवतो."

नवरा दुकान अर्ध्यावर टाकून आला. 'मी सांगितलं होतं' म्हणायची सासूबाईंची ही हक्काची वेळ होती. पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बाळाच्या बाटल्यांची पिशवी भरून दारात आणून ठेवली आणि म्हणाल्या, "निघा."

गाडी गावाबाहेर पडली. बाळ मागच्या सीटवर झोपलं होतं. रस्ता संपता संपत नव्हता. फोन बंदच.

तिनं ती मतं पुन्हा उघडली. भावाला चोर ठरवणारी हीच माणसं, आणि त्यांच्याच हाती त्याचं दार द्यायचं? यांतला एखादा तिथं जाऊन फोटो काढेल, हसेल. तिचा अंगठा कितीतरी वेळ तसाच थांबला. मग तिला तो कात्रीवाला आठवला, कंपनीच्या गावात राहणारा. पण तो आत्ता वाचत असेल कशावरून? दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

तिनं लिहिलं:

'मी पुसटरावाची ताई. कात्रीवाले, तुम्ही वाचत असाल तर तुम्ही, नाहीतर त्या गावात जो कुणी हे वाचत असेल त्यानं, आत्ता उठा. कालव्याकाठच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या वर, शेवटच्या मजल्यावर, निळं दार. बेल वाजत नाही, हातानं ठोका. खेळाचं विचारू नका, मालिकेचं काढू नका. ताई निघालीय, वाटेत आहे, एवढंच सांगा. उघडलं नाही तर शेजाऱ्यांना बोलवा, पोलिसांना पुन्हा फोन करा. उघडलं तर आत जाऊन बसा. तो हसेल, एखादा विनोदही करेल. म्हणेल, मी ठीक आहे, तुम्ही जा. जाऊ नका.'